विहिरीत पन्नी सोडणारा माणूस

मी त्या माणसावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल काही वाकडं बोलले तर ते कुठून आलं हे तुम्हाला कळेल. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली प्राध्यापिका आणि ते आमच्या अमरावतीच्या कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक, शिक्षण बारावी. मी शिकवायचे, ते परीक्षानळ्या धुवायचे. असं असून मुलं शंका विचारायला माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे जायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा, बाप्पा!

मूळचे ते अकोल्याचे. तिथे त्यांच्या भावाचं पन्नीचं दुकान होतं. आमच्या वऱ्हाडात प्लास्टिकची पिशवी असो की ताव असो, सगळ्याला पन्नीच म्हणतात. दर शनिवारी ते अकोल्याची गाडी धरायचे आणि सोमवारी सकाळी खांद्यावर पन्नीची गुंडाळी घेऊन कॉलेजात हजर. पोरांनी त्यांचं नाव पन्नीचाचा ठेवलं होतं आणि त्या नावाचा त्यांना भारी अभिमान. पन्नी ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहायचे. कानाशी धरून दोन बोटांत चोळायची आणि निकाल द्यायचा. "ही खडखडते, कामाची नाई. ही मऊ बोलते, ही घ्या. अन् ही तं वितळवून पुन्ना बनवेल हाय, मॅडम. हिच्या पोटात पह्यलेचंच लफडं हाय."

हा पन्नीचा खटाटोप कशासाठी, ते सांगते. डिझेल, डांबर, जळकं तेल यांतून पाण्यात जी द्रव्यं उतरतात त्यांना आम्ही ॲरोमॅटिक म्हणतो. नावात सुगंध आहे, पण पोटात गेली तर चांगली नाहीत. पाण्यात ती इतकी थोडी असतात की साध्या तपासणीत सापडत नाहीत. पण त्यांना पाण्यात करमत नाही. पन्नी दिसली की ती पाणी सोडून पन्नीत जाऊन बसतात. विहिरीभर पसरलेलं एका बोटभर पट्टीत गोळा होतं. मग अंधारात त्या पट्टीवर अतिनील दिवा धरला की पट्टी निळसर उजळते. याला प्रतिदीप्ती म्हणतात आणि सगळी गंमत तिच्यात आहे.

हा विषय माझा होता. माझा! त्यासाठी मी तीन वर्षं अर्ज केले, दिल्लीपर्यंत पत्रं लिहिली, तेव्हा कुठे प्रतिदीप्ती मोजायचं मशीन कॉलेजात आलं. त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. पट्ट्यासुद्धा मी स्वतः बनवत होते. पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, काचेवर ओतायचं, वाळवायचं, अलगद सोलायचं. आठ महिने हे चाललं. कधी त्यात बुडबुडे यायचे, कधी धूळ बसायची आणि बहुतेक वेळा वाळल्यावर त्या उडदाच्या पापडासारख्या वळायच्या. माझ्या काचा धुवायचं काम त्यांच्याकडे होतं. आठ महिने त्यांनी त्या मुकाट्यानं धुतल्या. मग एक दिवस म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? रागावू नका. हे घरी कावून बनवता? बजारात भेटते ना."

आणि सोमवारी भावाच्या दुकानातली पन्नी आणली. मिथेनॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, वाळवली, डिझेलचा एक थेंब घातलेल्या बादलीभर पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली धरली तर ती अशी उजळली की आमचे विभागप्रमुख खुर्चीतून उठले. मला म्हणाले, "मॅडम, हात पाहा यांचा! हात असावा तर असा." मी हसले आणि घरी जाऊन भाजीत दोनदा मीठ घातलं.

हाताबद्दल तर त्यांचं वेडच होतं. "आधी हात, मंग विज्ञान," असं म्हणत ते अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे आणि आत येणाऱ्याची झडती घ्यायचे. डोक्याला तेल लावलं का? ओठाला व्हॅसलीन? डब्यात काय होतं? हळदीचा हात असेल तर पट्टी पिवळी उजळते, व्हॅसलीन असेल तर निळी, आणि मग विहिरीचा दोष की तुमच्या डब्याचा हे कळत नाही. श्रावणात तर अर्ध्या मुली वर्गाबाहेर! कोणाच्या घरी हळदीकुंकू, कोणाच्या हाताला मेंदी. एकदा मलाही थांबवलं. म्हणाले, "मॅडम, वांग्याची भाजी खाल्ली तुमी." खाल्ली होती. मी त्यांच्यासमोर साबण लावून हात धुतले आणि परत आले तर म्हणाले, "आता साबणाचा वास येऊन राहिला."

पट्ट्यांवर पेननं नंबर घालू द्यायचे नाहीत, कारण शाईही चमकते. सुईनं भोकं पाडायचे. एक भोक म्हणजे पहिली विहीर, दोन म्हणजे दुसरी. कपड्यांचंही तसंच. आजकालच्या धुण्याच्या पावडरीत कपडा पांढरा दिसावा म्हणून जे घालतात ते दिव्याखाली लख्ख पेटतं. म्हणून त्यांचे सगळे शर्ट रिठ्यानं धुतलेले आणि सगळ्यांचा रंग चहासारखा. मी एकदा नवी पांढरी साडी नेसून आत गेले तर अंधारातून आवाज आला, "मॅडम, तुमची साडी बोंबलून राहिली." मुली हसल्या. ती साडी मी पुन्हा कॉलेजात नेसले नाही.

डोळ्यांचा गर्व तर विचारू नका. दिवा लावायच्या आधी दहा मिनिटं अंधारात बसायचं, "डोळ्याले अंधार चढू द्यायचा," हा नियम. एकदा प्राचार्य सहज डोकावले तर त्यांनाही स्टुलावर बसवलं. बाहेर शिपाई साहेबांना शोधत सगळं कॉलेज पालथं घालतोय आणि साहेब आत अंधारात पन्नीचाचांशेजारी गप्प बसलेत. बाहेर आले तर तोंडावर हसू. म्हणाले, "किती दिवसांनी दहा मिनिटं कोणी काही मागितलं नाही!" आणि त्या खोलीसाठी नवे काळे पडदे मंजूर केले. तेच पडदे मी दोन वर्षं मागत होते.

साधुसंत नव्हते हो ते, असं समजू नका. महाचिक्कट माणूस. मिथेनॉलची बाटली कुलपात ठेवायचे आणि थेंब मागितला तर किडनी मागितल्यासारखं तोंड करायचे. एकाच काकाच्या मयतीसाठी त्यांनी तीनदा सुट्टी घेतली, तिसऱ्यांदा मी विचारलं तर म्हणाले, "मोठा खानदान हाय, मॅडम." चहा प्लास्टिकच्या कपात प्यायचे नाहीत, स्वतःचा स्टीलचा गिलास घेऊन फिरायचे आणि ज्याच्या घरी जातील त्याच्या घरचं पाणी आधी हुंगायचे. माझ्या घरी आले तेव्हा माझ्या सासूबाईंसमोर हुंगलं. सासूबाई आठ दिवस मला बोलत होत्या.

आणि जिथे जातील तिथे विहिरीत पट्टी सोडायची. दोऱ्याला बांधलेली पट्टी आणि खाली खडा, एवढं सामान कायम खिशात. तिवस्याकडच्या एका खेड्यात लग्नाला गेले, वरात यायला वेळ होता, हे आपले विहिरीशी. तिथल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं की कोणी अनोळखी माणूस विहिरीत दोरा सोडतोय. झालं! करणी केली म्हणून धरला. चार जण अंगावर आले. यांनी खिशातून दुसरं हत्यार काढलं, खोट्या नोटा ओळखायचा बॅटरीवरचा दिवा, तोही भावाच्या दुकानातला. म्हणाले, मले मारा, पण आधी अंधाऱ्या खोलीत चला. कापूस ठेवायच्या खोलीत सगळे शिरले, यांनी दिवा लावला, आणि त्या चौघांच्या म्होरक्याचे दात पांढरेशुभ्र चमकायला लागले. आधी बायका हसल्या, मग सगळेच. जो तो तोंड उघडून दुसऱ्याला दात दाखवायला लागला. जेवणाच्या पंगतीत मग यांना नवरदेवाशेजारी पाट मिळाला. मला हे दुसऱ्या दिवशी चार जणांनी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा मी म्हणाले, "हो का?"

मी काय केलं ते ऐका. आमच्या कामाचा निबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यावर नाव माझं आणि विभागप्रमुखांचं. यांचं नाव शेवटी, बारीक अक्षरात, "तांत्रिक साहाय्याबद्दल आभार" अशा एका ओळीत. मी ती ओळसुद्धा प्रमुखांच्या आग्रहावरून घातली होती. यांनी त्या पानाची झेरॉक्स काढली, ती एक ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि अकोल्याच्या दुकानात फ्रेम करून लावली. भाऊ गिऱ्हाइकांना दाखवायचा. त्यांनीच मला हे कौतुकानं सांगितलं आणि वर पेढे दिले. घशाखाली उतरेना तो पेढा. ते चिडले असते तर मी निवांत झाले असते.

आता ती गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खेड्यांतून रोज काहीतरी कानावर यायचं आणि फवारणीच्या औषधाचा डबा म्हटलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. पाण्याला वास आला, जनावर आजारी पडलं, कोणाला उलटी झाली, की पहिला संशय औषधावर आणि दुसरा माणसावर. अशात एका बुधवारी आमची एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात आली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मी तिला शिकवलं होतं, मग लग्न होऊन ती तिवसा तालुक्यात गेली. डोक्यावर पदर, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. माझं टेबल दाराशीच. "नमस्कार, मॅडम," म्हणाली आणि सरळ आत चाचांकडे गेली. वर्षभर मी शिकवलं होतं हो तिला.

कपाटाच्या अलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"चाचा, माह्यावर आळ घेतला. म्हंतेत, मीच विहिरीत औषध टाकलं."

"कोन म्हंते?"

"सारेच. थोरला दीर, जाऊ, सासू. मागच्या महिन्यात वाटणीवरून मी दोन शब्द बोलली होती. आता पान्याले वास येऊन राहिला, म्हैस तोंड लावत नाई, जाऊच्या पोराले मळमळ झाली. म्हंतेत, हे केमिस्ट्री शिकेल हाय, हिलेच ठाव कोनतं औषध किती टाका लागते."

"अन् तुहा मालक?"

"थो खाली मान घालून बसते."

पुढच्या शुक्रवारी दोन्हीकडची माणसं बसणार होती. तिला कायमची माहेरी धाडायची आणि मुलगा ठेवून घ्यायचा, असं घरात ठरलंच होतं. हे सांगताना तिनं मुलाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरायला लागलं. चाचांनी तिला पाणी दिलं, आधी स्वतः हुंगून. मग म्हणाले, "रडू नको. डोळे पुसलेले हात कुठं लावू नको. मी उद्या येतो."

गुरुवारी ते सुट्टी टाकून गेले. काकाच्या नावावर नाही, खरं कारण लिहून. विहिरीत तीन ठिकाणी, तीन खोलींवर पट्ट्या सोडल्या, शेजारच्या दोन विहिरींतही सोडल्या आणि रविवारी जाऊन काढल्या. शेजारच्या विहिरींच्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या. या विहिरीची एक बाजू उजळली. त्या बाजूला थोरल्या दिरानं उन्हाळ्यात मोटरपंप बसवायला ओटा केला होता, आणि ओट्याखाली टाकले होते बडनेऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून आणलेले जुने लाकडी स्लीपर. रुळाखालचं लाकूड कुजू नये म्हणून त्याला डांबराचं तेल पाजलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी खाली होतं. पावसाळ्यात चढलं, लाकडाला लागलं आणि तेल उतरायला लागलं. साधी गोष्ट, पण त्या घरात कोणाच्या डोक्यात आली नाही. लाकूड मजबूत होतं आणि सून शिकलेली होती.

सोमवारी चाचा तीन पट्ट्या घेऊन माझ्यासमोर उभे. एका भोकाची विहिरीतली. दोन भोकांची, स्लीपरची ढलपी टाकलेल्या पाण्यातली. तीन भोकांची, त्या घरातल्या फवारणीच्या औषधाच्या पाण्यातली. "डोळ्याले तिन्ही चमकतेत, मॅडम. फरक मशीनच सांगन. पह्यली दुसरीसंगं जुळते, तिसरीसंगं नाई. मले माईत हाय काय निघन ते. मले फक्त तुमच्या मशीनचा कागद पाह्यजे. गाव पन्नीले मानत नाई, कागदाले मानते."

मले फक्त कागद पाह्यजे! म्हणजे विचार यांचा, डोळा यांचा, मुलगी यांच्याकडे आलेली, आणि मी कागद छापणारी. "ठेवा तिथे," मी म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी खोली उघडली आणि तिन्ही पट्ट्या मशीनमध्ये लावल्या. पहिलीची रेघ आणि दुसरीची रेघ एकमेकींवर अशी बसली की दोन आहेत हे सांगावं लागलं असतं. तोच चढ, तोच उतार, तीच तीन शिखरं. तिसरीचा उंचवटा भलतीकडेच. तीन वर्षांच्या माझ्या कामात इतका स्वच्छ आलेख कधी आला नव्हता. माझा असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. मी तो छापला, दुमडला आणि ड्रॉवरमध्ये उत्तरपत्रिकांखाली ठेवून दिला.

का? मी पुष्कळदा विचारलं आहे स्वतःला. मला वाटलं, एक दिवस थांबू दे. मला विनंती करू दे. मला हेही वाटलं की गावाकडच्या बैठका कधी ठरल्या दिवशी होतात का. ती पुढे जाईल, मग मीच कागद घेऊन जाईन, सगळ्यांना समजावून सांगेन, आणि ती मुलगी माझ्याकडे बघेल. असं सगळं मी मनात रंगवलं होतं, कोणती साडी नेसायची इथपर्यंत.

मंगळवारी ते दाराशी आले. मी म्हणाले, मशीनचा दिवा गेलाय, माणूस नागपूरहून यायचा आहे. त्यांचं तोंड उतरलं. थोडा विचार करून म्हणाले, "भावाचा नोटायचा दिवा चालन का त्यात?" मी म्हणाले, "तो काय कंदील आहे का, कोणताही दिवा बसवायला?" बुधवारी ते आले नाहीत, मशीनच्या खोलीसमोरून दोनदा गेले फक्त. गुरुवारी पुन्हा दाराशी, हातात स्टीलचा गिलास, चहा न प्यालेला.

"उद्या बसून राहिले ते लोक, मॅडम."

"मग मी काय करू? मशीनला हात जोडू?"

"नाई नाई. तुमचा काय दोष."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. मी उघडला नाही.

शुक्रवारी ते पट्ट्या आणि नोटांचा दिवा घेऊन एकटेच गेले. काय झालं ते मला सोमवारी कळलं, परीक्षानळ्या धुताधुता त्यांनी सांगितलं. बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. त्यांनी पट्ट्या दाखवल्या. थोरल्या दिरानं विचारलं, "औषधही असंच चमकत असन ना?" आणि या भल्या माणसानं खरं सांगितलं. "हो, चमकते. फरक मशीनच सांगू शकते." मग कोणी ऐकेना. लाकूड कशाला विष सोडेल, वर्षानुवर्षं रुळाखाली होतं, असं एक जण म्हणाला. मुलीचा बाप आलाच होता. तिला घेऊन गेला.

"अन् मुलगा?" मी विचारलं.

"ठेवला ना. पदर सोडत नव्हता, मॅडम. बोटं एकएक करून काढा लागली." ते नळी पुन्हा पुन्हा विसळत होते. "माहीच चुकी झाली. कागद नसताना मी जायला नोको होतं. तिले वाटलं चाचा आला म्हणजे झालं."

दुपारी मी ड्रॉवर उघडला आणि आलेख त्यांच्यापुढे धरला. मी म्हणाले, "काल सुट्टीच्या दिवशी येऊन पाहिलं. दिवा लागला एकदाचा."

त्यांनी आधी हात धुतले, रुमालाला पुसले, मग कागद घेतला. दोन रेघा पाहिल्या आणि त्यांचं तोंड असं फुललं की मला वाटलं, आता मिठीच मारतात. "जुळलं! मॅडम, जुळलं ना! म्या म्हनलं नव्हतं?" मग त्यांची नजर वर गेली आणि माझीही गेली. आमचं मशीन कागदाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ आपणहून छापतं. आठवड्यापूर्वीचा सोमवार. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. रोज त्या मशीनवर काम करणारी मी, आणि हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

नळ चालू राहिला होता, तो मी बंद केला. मग त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "शुक्रिया, मॅडम. येत्या रविवारी तुमी चालान का गावाले? समजावून सांगा लागन. माह्यानं ते होत नाई." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

रविवारी त्याच शाळेच्या ओट्यावर सगळे बसले होते. मुलीचा बाप तिला घेऊन आला होता. ती खांबाला टेकून, लांब. बसमध्ये वाटभर चाचा माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते आणि मी वाट पाहत होते की आता काढतील विषय, आता काढतील. गावात पोचल्यावर त्यांनी खिशातून कागद काढून सगळ्यांसमोर उलगडला आणि मला दिसलं, वरची पट्टी नाही. घडी घालून, नखानं दाबून, सरळ फाडून काढलेली. तारीख नाही, वेळ नाही, नुसत्या रेघा.

थोरला दीर म्हणाला, "हा कागद त्या शुक्रवारी कावून नाई आनला?"

चाचा म्हणाले, "मशीन बिघडेल होतं ना बाबू. मॅडमनं सुट्टी मोडून सुधारलं. यायनं मेहनत नसती केली तं हा कागद आजही नसता."

मग मी अर्धा तास बोलले. रेघा दाखवल्या, स्लीपर दाखवले, पाणी कुठपर्यंत चढतं ते विहिरीवर नेऊन दाखवलं. मी चांगलं समजावते, तेवढं माझ्यात आहे. थोरला दीर काही वाईट माणूस नव्हता. लाकडाला हात लावून हुंगला आणि तिथंच खाली बसला. "म्याच बसवले हे. मजबूत म्हून," म्हणाला. सासू उठून घरात गेली आणि मुलाला घेऊन आली.

मुलीनं हात पसरले. मुलानं तिच्याकडे पाहिलं आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. तिनं नावानं हाक मारली, तर रडायलाच लागलं. त्या शुक्रवारपासून हा दुसरा रविवार, नऊ दिवस झाले होते. ती हसायला गेली. "ओळखत नाई मले," म्हणाली, सगळ्यांकडे बघत, जणू मुलाच्या वतीनं माफी मागत होती. ते मूल शेवटी तिच्या हातात आलं, पण अंग ताठ करून, आजीकडे हात करून रडत होतं.

तेव्हा चाचा म्हणाले, "पोरी, मॅडमच्या पाया पड. त्यायच्यामुळं झालं हे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा शोधत होते, आणि तो सापडला असता तर मी त्यांचे उपकार मानले असते. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. मुलासमोर खिशातली पन्नी कानाशी धरून वाजवत होते, गप्प व्हावं म्हणून. सगळं ठाऊक असून हा माणूस असा उभा राहू शकतो, आणि मला ते सात जन्मांत जमणार नाही, हे मला तिथं कळलं. त्या दिवशी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका कधी वाटला नव्हता.

ती मुलाला तसंच कडेवर घेऊन वाकली आणि एक हात माझ्या पावलांवर टेकला. मी "सुखी राहा" म्हणाले. पाय मागे घेतले नाहीत.